दिवा नको, लिटर सांगा



रोज पिकाचं, फवारणीचं, बाजारभावाचं लिहितो. आज गाडीच्या काट्याबद्दल लिहायचं आहे. उन्हाळ कांदा काढणीला आला, ट्रॅक्टर आणि पिकअप आता रात्रंदिवस पळणार, त्यामुळं विषय वेळेवरचाच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इंधन कमी झाल्याचा पिवळा दिवा आजकालच्या गाड्यांत फार लवकर लागतो. ‘अजून इतके किलोमीटर जाईल’ हा जो आकडा येतो, तोसुद्धा शेवटी शेवटी हात राखून दाखवतात. बऱ्याच गाड्यांत आकडा शून्यावर आला तरी टाकीत काही लिटर उरलेलं असतं. कंपनीला वाटतं यात गिऱ्हाइकाचं भलं आहे. मला तसं वाटत नाही. हात राखायला हरकत नाही, पण किती राखलं ते सांगा. ते लपवल्यामुळं माणूस दिव्याचं ऐकेनासा होतो आणि मग एक दिवस खरंच रस्त्यात अडकतो.

आधी मोटारसायकलचं बघू, कारण ती घरोघरी आहे.

हा दिवा ज्यानं बनवला, त्याच्या डोळ्यापुढं टाकी फुल्ल करणारा माणूस असणार. टाकी फुल्ल केली, हळूहळू खाली आली, दिवा लागला, परत पंपावर जाऊन फुल्ल केली. आपल्याकडं असं किती जण करतात? तालुक्याच्या कुठल्याही पंपावर पंधरा मिनिटं उभं राहून बघा. ‘शंभरचं टाक’, ‘दोनशेचं टाक’, हेच ऐकू येतं. यात कुणाची चूक नाही. डेअरीचं पेमेंट दहा दिवसांनी येतं, मजुरी आठवड्याला मिळते, कांद्याचे पैसे कांदा विकल्यावर. जसा पैसा येतो तसं पेट्रोल पडतं.

आता हिशोब करा. पेट्रोल शंभरीच्या पुढं गेल्यापासून शंभर रुपयांत लिटरभरही येत नाही. दिवा मात्र टाकीत दीड-दोन लिटर असतानाच लागतो (गाडीगणिक फरक आहे, पुस्तकात बघा). म्हणजे शंभरचं टाकून माणूस पंपावरून निघाला, तरी दिवा चालूच. संध्याकाळी चालू, सकाळी चालू. आपल्या गावात अशा किती तरी गाड्या आहेत, ज्यांचा दिवा विझलेला मालकानं महिनोन् महिने पाहिलेला नाही. जो दिवा कायम चालू, त्याला इशारा कोण म्हणेल? लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आपण शाळेत वाचली. तिथं पोरगं खोटं बोलत होतं, इथं यंत्र खोटं बोलत नाही. पण ऐकणाऱ्याची गत तीच होते.

जुन्या गाड्यांना टाकीखाली कॉक होता. चालू, बंद आणि रिझर्व्ह. गाडी चालता चालता गचके द्यायला लागली की डावा हात खाली जायचा, कॉक रिझर्व्हला फिरवायचा, आणि तोंडून निघायचं, ‘रिझर्व्हला लागली.’ त्या कॉकमध्ये ना वायर ना बॅटरी. आत दोन वेगवेगळ्या उंचीच्या नळ्या, एवढंच. पण त्याचं सांगणं पक्कं होतं. रिझर्व्हला लागली म्हणजे आता टाकीत किती आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं, कारण ती नळी रोज त्याच उंचीवर असायची. शिवाय तो इशारा डोळ्याआड करता येत नव्हता. हात हलवल्याशिवाय गाडी पुढं जात नव्हती.

कॉकमध्ये दोष नव्हते असं नाही. पेट्रोल टाकल्यावर कॉक परत फिरवायचा राहिला, की पुढच्या वेळी इशारा न देताच गाडी बंद. ऐन रहदारीत गचके खाणं धोक्याचंही होतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले, बहुतेक मोटारसायकलींना इंजेक्शन आलं, पेट्रोलचा पंप टाकीच्या आत गेला आणि कॉक संपला. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट त्या कॉकबरोबर गेली. उरलेलं किती, हे नक्की माहीत असणं. दिव्यानं ते परत दिलं नाही.

आता कंपनीची बाजू पण बघू. एकतर्फी लिहिणं बरं नाही.

टाकीत एक फ्लोट असतो, तरंगणारा. तो वरखाली होतो तसा काटा हलतो. गाडी चढाला लागली, एका अंगाला कलली, की इंधन एका बाजूला जातं आणि फ्लोट भलतंच सांगतो. टाकी काही चौकोनी डबा नसते, खाली निमुळती, मध्ये फुगीर, कुठं खड्डा. म्हणून वरचा अर्धा काटा सावकाश उतरतो आणि खालचा अर्धा झरझर, किंवा याच्या उलट. दुसरं असं की इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि त्यानंच थंड राहतो. टाकी रोज कोरडी करायला लागलो तर पंप तापून लवकर जातो. तिसरं कारण धंद्याचं. टाकीत चार लिटर उरलं म्हणून कंपनीकडं कुणी भांडायला जात नाही, पण काटा दाखवत असताना गाडी बंद पडली तर सगळे जातात. म्हणून ते सांभाळून दाखवतात.

हे सगळं मला मान्य आहे. सांभाळून घ्यायला नको असं माझं म्हणणं नाहीच. पण सांभाळून घेणं वेगळं आणि झाकून ठेवणं वेगळं.

आता त्या किलोमीटरच्या आकड्याकडं येऊ. आपल्या कामाला सगळ्यात जास्त घोळ तोच घालतो.

तो आकडा येतो कुठून? टाकीत किती आहे ते फ्लोट सांगतो, आणि मागच्या काही किलोमीटरमध्ये गाडीनं किती सरासरी दिली ते गाडीतला कॉम्प्युटर सांगतो. दोघांचा गुणाकार. म्हणजे तो आकडा पुढच्या रस्त्याबद्दल काहीच सांगत नाही, मागच्या रस्त्याबद्दल सांगतो. शहरातला नोकरदार रोज त्याच रस्त्यानं, तेवढ्याच वजनानं जातो, त्याला तो आकडा बरोबर बसतो. आपलं तसं नाही.

समजा पिकअप बाजार समितीतून रिकामी परत आली. रिकामी गाडी लिटरला १४ देते. टाकीत १० लिटर आहे. आकडा दिसणार १४०. तुम्ही म्हणाल भरपूर आहे. रात्री दीड टन कांदा भरला. आता तीच गाडी लिटरला ९ देते. म्हणजे खरे ९० किलोमीटर. इंधनाचा थेंबही न जळता ५० किलोमीटर कमी झाले, आणि गाडी उभी होती तोवर काचेवर मात्र १४० च दिसत होते. निघाल्यावर आकडा असा घसरतो की ड्रायव्हरला वाटतं टाकी फुटली. राहुडचा घाट चढताना बघा, एक किलोमीटर गेलं की आकडा चार-पाचनं खाली. कसारा घाट उतरताना उलटं होतं, गाडी पुढं जाते आणि आकडा वाढतो.

म्हणजे हा आकडा टाकी भरलेली असताना कधीकधी फुगवून सांगतो, आणि टाकी तळाला गेली की एकदम भित्रा होतो. त्यात कित्येक गाड्यांत एक गंमत आहे. आकडा पन्नास-चाळीसच्या खाली गेला की दिसतच नाही, त्याजागी नुसत्या रेघा येतात. अहो, टाकी भरलेली असताना आकड्याची गरज कुणाला असते? तेव्हा दाखवता आणि जेव्हा खरंच हवा तेव्हा झाकून ठेवता, हे कुठलं शहाणपण?

वाशीच्या मार्केटला रात्री माल घेऊन निघालेल्या माणसाला ‘भरा’ एवढंच सांगून उपयोग नाही. पुढचा पंप १० किलोमीटरवर आहे का ४० वर, त्यावर उधारी चालते का, तो रात्री उघडा असतो का, हे त्याला माहीत आहे. त्याला फक्त टाकीत किती आहे ते हवंय. बाकीचा हिशोब तो स्वतः करतो, आणि कॉम्प्युटरपेक्षा बरा करतो, कारण पुढं घाट आहे हे त्याला ठाऊक असतं.

आपल्यातले जे कृषी अधिकारी, सल्लागार हे वाचतात, त्यांना शेतातलं उदाहरण देतो. टेन्शिओमीटर आपण द्राक्षबागेत लावतो. तो सेंटीबारमध्ये आकडा दाखवतो. ‘पाणी द्या, पाणी द्या’ म्हणून दिवा लावत नाही. कारण भारी काळ्या जमिनीत कितीला पाणी सोडायचं आणि मुरमाड हलक्या जमिनीत कितीला, बाग कोणत्या अवस्थेत आहे, हे बागवाल्यानं ठरवायचं असतं. टेन्शिओमीटरनं स्वतःच्या मनानं दोन दिवस आधीच दिवा लावला असता, तर पहिल्या हंगामात आपण बागेत पाणी साठवलं असतं आणि दुसऱ्या हंगामात यंत्र काढून खोलीत टाकलं असतं.

ट्रॅक्टरची गोष्ट जरा वेगळी आहे आणि जास्त महत्त्वाची.

ट्रॅक्टरला किलोमीटर नाही, तास लागतात. रोटाव्हेटरला ५० एचपीचा ट्रॅक्टर माझ्या काळ्या जमिनीत तासाला पाच-सहा लिटर घेतो, रिकाम्या ट्रॉलीला त्याच्या निम्मं. जमीन ओली-कोरडी, खोली कमी-जास्त, तसा फरक. जुन्या ट्रॅक्टरचा अवर मीटर पण घड्याळाचा तास मोजत नाही, इंजिनाच्या फेऱ्यांवरून तास धरतो. रेस कमी असली की घड्याळाचा एक तास मीटरवर पाऊण तासच भरतो. त्यामुळं नुसत्या मीटरवर डिझेलचा अंदाज बांधणारा चुकतोच.

आणि ट्रॅक्टर कोरडा पडला तर मोटारसायकलसारखं बाटलीभर टाकून चालू होत नाही. डिझेल संपलं की लाइनीत हवा शिरते, आपण म्हणतो एअर धरली. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, फीड पंपाचा खटका मारत बसा, बुडबुडे जाऊन सलग डिझेल येईपर्यंत. जुन्या इंजिनाला जाणत्या माणसाचा अर्धा तास जातो. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागले आणि त्यांत बऱ्याच ठिकाणी कॉमन रेल इंजिनं आली. त्यांचा पंप डिझेलनंच वंगण घेतो. तो कोरडा फिरला तर नुकसान मोठं, आणि तिथं पान्हा घेऊन आपण काही करू शकत नाही. पेरणीला वाफसा दोन दिवस टिकतो. त्यातला एक दिवस फिटरची वाट बघण्यात गेला तर पुढच्या पिकाचा हिशोब बिघडतो.

म्हणून मी म्हणतो, डिझेलला इशारा पाहिजेच. कुणी असं समजू नका की मी दिवा लागल्यावर पण पळवा म्हणतोय. मी म्हणतोय, जो इशारा खरंच जपायला हवा, त्याच्यावरचाच विश्वास हे लवकर लागणारे दिवे घालवतात. माणूस मोटारसायकलवर शिकतो की ‘दिवा लागला तरी पन्नास जाते’, आणि तोच हिशोब घेऊन ट्रॅक्टरवर बसतो. घरात दोन भाऊ आणि एक ड्रायव्हर असेल तर तिघांचे तीन अंदाज. एक म्हणतो दिव्यावर पन्नास, दुसरा म्हणतो ऐंशी, तिसऱ्याला आदल्या दिवशी कोण किती फिरवून गेलं तेच माहीत नाही. दिवा मात्र तिघांनाही सारखाच दिसतो.

यातून भांडणं पण होतात. आमच्या शिवारात एका मालकानं ड्रायव्हरवर डिझेल काढल्याचा आळ घेतला. संध्याकाळी काटा अर्ध्यावर होता, सकाळी पावच्या खाली. ड्रायव्हर चांगला, आठ वर्षं कामाला. तो काही बोलला नाही, ट्रॅक्टर चालू केला आणि उतारावरून खळ्यात सपाटीला आणून उभा केला. जरा वेळानं काटा परत अर्ध्याजवळ आला. मालक खजील झाला खरा, पण शब्द तोंडातून गेला तो गेलाच. काट्याऐवजी समोर लिटर दिसलं असतं, आणि गाडी तिरकी असताना ‘सपाटीला घ्या’ एवढी सूचना आली असती, तर हे झालं नसतं. आणि खरंच कुणी डिझेल काढत असेल तर तेही लिटरच्या आकड्यावरच सापडेल, काट्यावर नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांचंही थोडं. गावात स्कूटर आल्या, मालाच्या तीनचाकी आल्या. तिथं हा किलोमीटरचा आकडा म्हणजे सगळ्यांचा जीव. जाहिरातीतला आकडा ठरलेल्या पद्धतीनं चाचणी करून काढलेला असतो. आपला रस्ता, आपलं वजन, मागं बसलेला माणूस, पुढं ठेवलेलं खताचं पोतं त्यात धरलेलं नसतं. चार्जिंग तळाला गेलं की गाडी वेग कमी करते, बॅटरी जपण्यासाठी ते गरजेचं आहे. आणि तिथं कॅन घेऊन कुणी मदतीला येऊ शकत नाही. म्हणून इलेक्ट्रिकवाल्यांनी तर किलोमीटर बघूच नये, टक्के बघावेत. आपल्या रस्त्यावर, आपल्या वजनाला दर १० टक्क्यांत किती किलोमीटर जाते ते आठवडाभर लिहून काढा. तोच तुमचा खरा आकडा.

कंपन्या कधी बदलतील तेव्हा बदलतील. तोपर्यंत आपण काय करायचं, ते लिहितो. खर्च काही नाही.

१) दिवा लागला की किलोमीटरचा आकडा वहीत लिहा आणि लगेच पंप गाठा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथपर्यंत टाकी भरा, वर गळ्यापर्यंत कोंबू नका. किती लिटर गेलं ते पावतीवर असतं. पुस्तकात दिलेल्या टाकीच्या मापातून ते वजा करा. समजा टाकी ५० लिटरची, गेलं ४२, म्हणजे पंपावर पोचताना ८ होतं. दिव्यापासून पंप १२ किलोमीटर, म्हणजे आणखी एक लिटर. दिवा लागला तेव्हा ९ लिटर होतं. तळाचं एक-दोन लिटर उचललं जात नाही, ते सोडा. कामाचं ७ धरा.

२) हे एकदा करून थांबू नका. तीनदा करा आणि सगळ्यात कमी येईल तो आकडा खरा धरा.

३) सरासरी दोन काढा, रिकाम्याची वेगळी आणि भरलेल्याची वेगळी. फुल्ल ते फुल्ल या पद्धतीनंच काढा. घाटाच्या रस्त्याची तिसरी काढली तर उत्तम.

४) तो लिटरचा आकडा कागदावर लिहून काट्याशेजारी चिकटवा. ‘दिव्यावर ७ लिटर, भरलेली ६० किमी.’ म्हणजे गाडी कुणीही नेली तरी अंदाज एकच.

५) ट्रॅक्टरला मापपट्टी करा. वर्षातून एकदा टाकी धुवायला रिकामी करतोच. तेव्हा ट्रॅक्टर सपाटीला उभा करून पाच-पाच लिटर मापानं ओता आणि दर वेळी स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खूण करा. लाकडाची काडी नको, तिचे तंतू आत पडतात. तोंडाशी जाळी असेल तर काढून घ्या. पट्टी पुसून पिशवीत ठेवा, धुळीची पट्टी टाकीत घालू नका.

६) ट्रॅक्टरची टाकी शक्यतो संध्याकाळी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं ओल धरते, ते पाणी फिल्टरमध्ये जातं.

आणि कंपन्यांकडं मागायचं काय? फार मोठं नाही. काट्याशेजारी लिटर दाखवा. दिवा कितीला लागतो ते पुस्तकात बारीक अक्षरात नको, काट्यावरच छापा. तळाला गेल्यावर रेघा दाखवू नका, आकडा चालू ठेवा. ट्रॅक्टरला तासाला किती लिटर जातंय ते दाखवा, कारण कॉम्प्युटरवाल्या इंजिनाला ते आतल्या आत माहीत असतंच. आणि एक दिवा ठेवायचाच असेल तर दोन ठेवा. पहिला पिवळा, ‘आता बघा’ म्हणणारा. दुसरा लाल, जो लागला की खरंच थांबायचं. मग त्या लाल दिव्याला आपण मान देऊ.

शेतकरी ट्रॅक्टर घेताना शोरूममध्ये एचपी विचारतो, सबसिडी विचारतो, सीट कशी आहे ते बघतो. पुढच्या वेळी हेही विचारा, ‘दिवा लागल्यावर टाकीत किती लिटर राहतं?’ सेल्समनला सांगता येणार नाही. पण चार जणांनी विचारलं की तो वर विचारेल.

या आठवड्यात आपल्या गाडीचं माप काढा. गाडी कोणती, कोणत्या सालची, दिव्यावर किती लिटर निघालं आणि भरलेल्या गाडीला किती सरासरी, एवढं चार ओळीत लिहून टाका. सगळ्यांचे आकडे आले की तक्ता करून इथंच टाकतो. ज्याची तीच गाडी असेल त्याला काढणीच्या दिवसांत कामाला येईल.

राम राम.